वशिला चालतो, मग उघड ओळख मागितली तर लाज कसली?

आमच्या बडोद्याच्या मराठी लोकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले काही दिवस जो वाद चाललाय तो वाचून राहवलं नाही म्हणून हे लिहितेय. सुरुवात अगदी साधी होती. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलं, लिंक्डइनवर, म्हणजे कामाच्या ओळखी जोडायच्या त्या साइटवर अकाउंट काढलंय पण पुढे काय करायचं कळत नाही, ग्रुपमधल्या कोणाला ओळख जोडायची रिक्वेस्ट पाठवली तर चालेल का? झालं, दोन तट पडले. ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं, हे सगळं मिरवायचं दुकान आहे, माणसाचं काम बोलतं, आपणच आपली पाठ थोपटायची ही कुठली पद्धत. पुण्याला नि बंगलोरला गेलेली पोरं एकदम दुसऱ्या टोकाला, म्हणे काका जमाना बदललाय, रोज एक पोस्ट टाकायची, महिन्याभरात पाचशे कनेक्शन करायची, नाहीतर मार्केटमध्ये तुम्हाला कोणी ओळखत नाही. भांडण रंगलं, मागची उणीदुणी निघाली, आणि त्या मुलीने रिक्वेस्ट पाठवायची की नाही हे मात्र कोणीच सांगितलं नाही.

माझ्या मते दोन्ही बाजू भलत्याच प्रश्नावर भांडतायत. ज्याच्या घरात कोणी कंपनीत नाही, ज्याचा मामा मॅनेजर नाही, त्याने ओळख कुठून आणायची, हा खरा प्रश्न आहे. कामं ओळखीवर चालत आलीत, आजही चालतात, आणि ज्यांना ओळखी वारशाने मिळाल्यात त्यांना त्या असल्याचं जाणवतही नाही. म्हणून मला वाटतं पोरांनी लिंक्डइनवर जावं, कॉलेजात असतानाच जावं, पण तिथे जाऊन पहिलं काम विचारायचं करावं, मिरवायचं राहू दे. आणि ज्यांच्याकडे ओळखी आहेत, अनुभव आहे, त्यांनी तिथे बसून उत्तरं द्यावीत. हा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि एवढ्या वादात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही.

'काम बोलतं' हे वाक्य मला आवडतं, आणि ते पुरेसं असतं तर फार बरं झालं असतं. पण काम बोलायला समोर ऐकणारा लागतो ना? ज्या पिढीने हे वाक्य ग्रुपवर लिहिलं त्या पिढीच्या नोकऱ्या कशा लागल्या ते आठवून बघू या. कोयलीची रिफायनरी १९६५ ला सुरू झाली, त्याच सुमाराला खतांची जीएसएफसी उभी राहिली, १९६९ मध्ये पेट्रोकेमिकलची सरकारी कंपनी आयपीसीएल आली, आणि बडोद्याच्या कित्येक मराठी घरांत पहिला पक्का पगार या कारखान्यांतून आला. भरती निघणार ही बातमी पेपरात जाहिरात यायच्या आधी कॉलनीत, गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत पोचलेली असायची. फॉर्म कुठे मिळतो, शेवटची तारीख कोणती, इंटरव्ह्यूला काय विचारतात हे सांगणारा कोणीतरी असायचा. पुढे परीक्षा स्वतः दिली, नोकरी गुणांवर लागली, हे मी अजिबात नाकारत नाही. पण परीक्षेच्या दारापर्यंत कोणी नेलं? सरकारलाही हे दिसत होतंच, म्हणून १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला, म्हणजे सरकारी रोजगार नोंदणी कार्यालयाला कळवायचं बंधन घातलं, २५ किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनासुद्धा. मात्र बंधन फक्त कळवायचं होतं, तिथूनच माणूस घ्यायचं नव्हतं, त्यामुळे कार्ड काढून वर्षानुवर्षं वाट बघणारे बघत राहिले आणि ज्यांचं कोणी होतं त्यांचं काम होत राहिलं. आता तर तेही उरलं नाही, आयपीसीएल २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली, सरकारी कारखान्यांतली पर्मनंट भरती आटली, आणि काकांच्या ज्या ओळखींवर घरं उभी राहिली त्या ओळखी त्यांच्याबरोबरच रिटायर झाल्या. त्यांच्या पोरांना काम शोधायचंय ते मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, सावली-हालोलच्या प्लांटमध्ये नाहीतर थेट दुसऱ्या राज्यात, आणि तिथे कॉलनी नाही, मांडव नाही.

ओळखीची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही एकदम बघायच्या असतील तर बडोद्याच्याच इतिहासात बघाव्या लागतात. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने शब्द टाकला, तरुण भीमरावांची सयाजीराव महाराजांशी भेट झाली, संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांवर तीन वर्षांसाठी ते कोलंबिया विद्यापीठात गेले. बुद्धी बाबासाहेबांची, कष्ट बाबासाहेबांचे, तरीही दार उघडायला एक केळुसकर गुरुजी लागले. आणि १९१७ मध्ये तेच बाबासाहेब एवढं शिकून संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावं लागलं, काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढलं. शहरात त्यांच्या ओळखीची दोन माणसं होती, एक हिंदू, एक ख्रिश्चन, दोघांना विचारलं, आणि दोघांकडेही आसरा मिळाला नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे खुद्द महाराजांची ओळख होती, तिने नोकरी दिली, पण शेजारपाजारच्या ओळखीने एक रात्र काढायला जागा दिली नाही. यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे गुणवान माणसालाही शब्द टाकणारं कोणीतरी लागतं आणि ते मागण्यात कमीपणा नाही. दुसरी म्हणजे ज्या ओळखी आपोआप मिळतात त्या जातीच्या, गल्लीच्या, नात्याच्या कुंपणात फिरतात, आणि कुंपणाबाहेरच्याला केळुसकर भेटणं हा निव्वळ योगायोग ठरतो. ज्यांना ते भेटले नाहीत अशी किती मुलं त्या काळात असतील, याचा हिशोब कोणी ठेवलाय का?

आता ओळख कशी काम करते याबद्दल थोडं, कारण दोन्ही बाजूंचा घोळ इथेच आहे. अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला जो आजही शिकवला जातो. बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याच्यामार्फत नोकरी कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक म्हणाले की नेहमी भेटायचा. बाकीच्यांचं काम झालं ते अधूनमधून, किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसामुळे. कारण साधं आहे, सख्ख्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, नवीन बातमी लांबच्याकडून येते. आपल्याला हे कळत नाही असं थोडंच आहे, लग्न जुळवताना आपण नेमकं हेच करतो. पोरीचं स्थळ बघायचं असेल तर आई भावाला सांगून थांबत नाही, ती भिशीतल्या बाईला सांगते, पूर्वीच्या घरमालकाला सांगते, नाशिकच्या चुलतजावेच्या बहिणीला बायोडेटा पाठवते, आणि कोणालाच त्यात मिरवणं दिसत नाही. स्थळ चालतं, मग नोकरीसाठी तेच केलं की लाचारी कशी होते? २०२२ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये लिंक्डइनच्या तब्बल २ कोटी लोकांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचा अभ्यास आला, त्यातूनही हेच निघालं, की नोकरी बदलताना उपयोगी पडतात त्या मधल्या ओळखी, अगदी घरच्या नव्हेत आणि अगदीच ना ओळख ना पाळख अशाही नव्हेत. म्हणजे सख्ख्या मामावर विसंबणारे काका चुकले, आणि दिसेल त्याला रिक्वेस्ट मारून पाचशेचा आकडा गाठणारी पोरंही चुकली.

विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा ग्रुपवर कोणी मांडला नाही, तो मीच मांडते, कारण त्याला उत्तर दिल्याशिवाय हे सगळं बोलायचा मला हक्क नाही. प्रोफाइलवर नाव असतं, आडनाव असतं, फोटो असतो. आपल्या देशात आडनाव दिसलं की काय होतं हे मोजून झालेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी पेपरात आलेल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. २००७ मध्ये छापून आलेले त्याचे निष्कर्ष असे, की सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं यायची शक्यता सुमारे दोनतृतीयांश, आणि मुसलमान नावाला तर सुमारे एकतृतीयांश. मग अशा देशात नाव-फोटोसकट उघड्यावर बसा असं सांगणं म्हणजे भेदभावाला आयतं आमंत्रण नाही का? मुद्दा खरा आहे, आणि लिंक्डइनने जात संपते असं म्हणणारा माणूस एकतर भाबडा आहे किंवा त्याला कधी भोगावं लागलेलं नाही. फोटो लावायची सक्ती नाही, एवढंच म्हणून हा प्रश्न सुटत नाही. पण पर्याय काय आहे ते बघा. हा अभ्यास करता आला कारण जागेची जाहिरात उघड निघाली होती, अर्ज करता येत होता, नकार मोजता येत होता. वशिल्याच्या भरतीत जाहिरात नाही, अर्ज नाही, नकारही नाही, जागा होती हेच कळत नाही, मग भेदभाव मोजणार कुठून आणि दाद मागणार कोणाकडे? उघड ठिकाणी अन्याय होतो, बंद ठिकाणी तो होऊनसुद्धा दिसत नाही. शिवाय ज्या मुलाच्या खानदानात पहिल्यांदा कोणी इंजिनियर झालंय त्याला आपल्याच कॉलेजातून, आपल्यासारख्याच घरातून चार वर्षं आधी बाहेर पडलेला माणूस शोधायला दुसरी जागा कुठली? आपल्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीचं लिंक्डइनवरचं पान उघडा, त्यात माजी विद्यार्थ्यांचा विभाग आहे, कोण कुठल्या कंपनीत, कुठल्या शहरात, काय काम करतंय ते गाळून बघता येतं. ही यादी पूर्वी फक्त कोणाकोणाच्या डोक्यात असायची.

दुसरा आक्षेप, ही परदेशी कंपनीची खासगी जागा आहे. आहेच. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये २६ अब्ज डॉलरहून जास्त मोजून लिंक्डइन घेतलं ते काही समाजसेवेसाठी घेतलं नाही. ती तुमची माहिती वापरते, पैसे भरा म्हणून मागे लागते, आणि मी वर ज्या अभ्यासाचा दाखला दिला तो करताना त्या २ कोटी लोकांना आपल्यावर प्रयोग चाललाय हे माहीतच नव्हतं, त्यावर टीकाही झाली आणि ती योग्यच होती. म्हणून माझं म्हणणं की सगळी अंडी तिथे ठेवू नका. ओळख झाली की नंबर नाहीतर ईमेल घ्या, एखादी वही किंवा एक्सेल ठेवा, कोण, कुठे, काय बोलणं झालं, उद्या अकाउंट बंद पडलं तर माणसं हरवता कामा नयेत. सेटिंगमध्ये जाऊन काय कोणाला दिसतं ते एकदा नीट बघा, नोकरी शोधताय ही खूण फक्त रिक्रूटर, म्हणजे भरतीसाठी माणसं शोधणाऱ्या लोकांना दिसेल असंही ठेवता येतं, आत्ताच्या साहेबाला कळवायची गरज नाही. आणि पैसे भरायच्या आधी फुकटात काय काय होतं ते पूर्ण वापरा, सुरुवात करणाऱ्याला तेवढं पुरतं.

मिरवण्याचा मुद्दा. तिथे फार पोकळ बडबड चालते हे मान्य, एखाद्या तासाभराच्या वेबिनारचं सर्टिफिकेट मिळालं तरी लोक कृतकृत्य झाल्याचं लिहितात आणि खाली शंभर जण अभिनंदन करतात. मलाही ते वाचवत नाही. पण आपलं काम लिहून ठेवणं आणि मिरवणं यात फरक आहे, आणि हा वाद बडोद्याला नवा नाही. घराण्यांच्या गाण्यात बंदिश लिहून देणं म्हणजे कलेची विटंबना असं मानणारे मोठमोठे लोक होते. त्याच काळात गायक उस्ताद मौलाबक्षांनी इथे १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने गायनशाळा काढली, स्वरलिपी केली, पुस्तकं छापली. पंडित भातखंडे गावोगाव फिरले, उस्तादांच्या घरी जाऊन बसले, आधी अभ्यास करून नेमके प्रश्न विचारले, जे मिळालं ते लिहून काढलं, आणि १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती याच बडोद्यात. ज्यांनी दडवून ठेवलं त्यांच्यातल्या किती जणांचं काम आज बोलतंय? आपण काय करतो हे साध्या शब्दांत लिहिणं हा उद्धटपणा नाही, समोरच्याचा वेळ वाचवणं आहे. भातखंड्यांकडून घेण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे प्रश्न, मोठ्या माणसाकडे जाताना ते तयारी करून जायचे.

प्रत्यक्षात सुरुवात कशी करायची, तर मी एकाच मुलाचं सांगते. मी जिथे काम करते तिथे अधूनमधून इंटरव्ह्यूला बसते, तिथे आलेला हा मुलगा, डिप्लोमा इलेक्ट्रिकल, मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मरच्या एका छोट्या युनिटमध्ये टेस्टिंगला. त्याच्या प्रोफाइलवर नावाखाली लिहिलं होतं, मेहनती, डायनॅमिक, टीम प्लेयर, उत्तम संधीच्या शोधात. हे वाचून मला काय कळणार? बोलायला लागला तेव्हा कळलं की ११ केव्हीच्या डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरचं सगळं रूटीन टेस्टिंग तो एकटा सांभाळतो, वाइंडिंग रेझिस्टन्स, टर्न्स रेशो, इन्सुलेशन, नो-लोड लॉस, लोड लॉस, रीडिंग घेऊन रिपोर्ट बनवायचा आणि पार्टीचा इन्स्पेक्टर आला की त्याच्यासमोर परत करून दाखवायचं. म्हटलं अरे हेच लिही ना! त्याने ते सगळे डायनॅमिक वगैरे काढून टाकले आणि लिहिलं, ट्रान्सफॉर्मर रूटीन टेस्टिंग, डिप्लोमा इलेक्ट्रिकल, बडोदा. खाली कामाच्या चार ओळी, जशा बोलला तशाच, सोप्या इंग्रजीत. ज्यांना वाटतं की आमचं शिक्षण मराठी नाहीतर गुजराती मीडियममधून झालं, आमचं इंग्रजी कच्चं, त्यांना मी हेच सांगते, तुमच्या कामाचे शब्द तुम्हाला पक्के येतात, तेवढे लिहा, अलंकार नकोत. टेस्टिंगचा माणूस शोधणारा 'लोड लॉस' टाकून शोधतो, 'डायनॅमिक' टाकून कोणी शोधत नाही.

मग माणसं. पहिल्यांदा ज्यांना तुम्ही खरंच ओळखता ते, वर्गातले, ज्यांनी शिकवलं ते सर-मॅडम, जिथे ट्रेनिंग केलं तिथले सुपरवायझर, दोन-तीन वर्षं पुढचे सिनियर. एवढं झालं की त्यांच्या ओळखीचे, म्हणजे तीच ती मधली ओळख. आणि इथे रिक्वेस्ट कोरी पाठवायची नाही, दोन ओळी लिहायच्या. फुकट अकाउंटला नोट जोडून रिक्वेस्ट महिन्याला मोजक्याच पाठवता येतात आणि नोट छोटीच मावते, त्यामुळे विचार करून पाठवल्या जातात, ते बरंच आहे. त्या मुलाने एका मोठ्या कंपनीतल्या माणसाला लिहिलं ते असं, "सर, मी मकरपुऱ्यात ११ केव्ही ट्रान्सफॉर्मरचं रूटीन टेस्टिंग करतो. तुमच्याकडे इम्पल्स टेस्ट होते, ती शिकायला आधी काय वाचावं?" बस. नमस्कार-चमत्कार नाही, बायोडेटा नाही, नोकरी द्या नाही. असा प्रश्न आला की जाणकार माणसाला उत्तर द्यावंसं वाटतं, कारण विचारणाऱ्याने आपलं काम केलंय हे त्यात दिसतं. काहींनी उत्तर दिलं नाही, काहींनी दिलं, एकाने आपली जुनी नोट्सची फाइल पाठवली. उत्तर आलं की आभार मानायचे, आणि वाचून झाल्यावर काय समजलं ते परत एकदा कळवायचं, हे बहुतेक जण विसरतात आणि ओळख तिथेच संपते. गरज सरो वैद्य मरो असं वागलं तर पुढच्या खेपेला वैद्य दार उघडत नाही. आणि जेव्हा खरंच नोकरी हवी असेल तेव्हा सरळ सांगावं, ताकाला जाऊन भांडं लपवू नये. "तुमच्या डिपार्टमेंटला जागा निघाली तर मला कळवाल का, माझं काम तुम्ही बघितलंय" हे वाक्य मान खाली घालून बोलायचं वाक्य नाही.

यात रोज पोस्ट टाकायचा प्रश्न येतोच कुठे? जे रोज पोस्ट टाका म्हणून सांगतात त्यांच्यातले बरेच जण तोच कोर्स विकत असतात हे आधी लक्षात घ्या. ज्याला लिहायला आवडतं, ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे, त्याने जरूर लिहावं, महिन्यातून एकदा लिहिलं तरी चालतं. पण नुकतं पास झालेल्या बावीस वर्षांच्या मुलीवर रोज काहीतरी थोर बोलायची सक्ती केली की ती एकतर खोटं लिहिते नाहीतर पळून जाते. ग्रुपवरची पोरं ओळख करणं आणि रोज पोस्ट टाकणं हे दोन्ही एकच समजतायत, आणि त्यामुळेच काकांना वाटतं की ओळख करणं म्हणजे तमाशा करणं.

मुलींचं वेगळं बोलायला हवं. आपल्याकडे बाईची कामाची ओळख बहुतेक वेळा वडिलांमार्फत नाहीतर नवऱ्यामार्फत येते. शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर ज्या गप्पा होतात, कुठल्या कंपनीत जागा होतेय, कोण सोडून चाललंय, त्या गप्पांत मुलगी नसते, आणि मुलांसाठी पाच वर्षं घरी बसलेली बाई तर कुठेच नसते. तिला स्वतःच्या नावावर ओळख करायला मिळते ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. मग लोक म्हणतात तिथे नको ते मेसेज येतात. येतात, खरंय, फोटो छान आहे पासून लग्नाचं विचारण्यापर्यंत. त्याला उत्तर असं की प्रत्येक रिक्वेस्ट घ्यायचं बंधन नाही, ब्लॉक करा, रिपोर्ट करा, नंबर पहिल्या बोलण्यात देऊ नका, आणि घरच्यांनी 'मग अकाउंटच बंद कर' म्हणायचं थांबवावं, रस्त्यात कोणी त्रास दिला तर रस्ता बंद करतात का? फसवणुकीचंही तसंच. नोकरीसाठी रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचे पैसे आधी मागितले की ती नोकरी खोटी, एवढं घोकून ठेवा. व्हिडिओ लाइक करून दिवसाला हजारो कमवा म्हणणारे, परदेशात घाईघाईने नेतो म्हणणारे, सगळे त्याच माळेचे मणी. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, १९३० वर लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

सगळ्यांनीच लिंक्डइनवर जावं असं मात्र मी म्हणणार नाही. रावपुऱ्यात फराळाचे ऑर्डर घेणाऱ्या काकूंना, फॅब्रिकेशनचं शेड चालवणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नसेल, त्यांचं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर नि गूगल मॅपवर आहे, तिथे फोटो, वेळ, पत्ता नीट असला म्हणजे झालं. त्या २०२२ च्या अभ्यासातही लांबच्या ओळखींचा फायदा जास्त दिसला तो डिजिटल काम जास्त असलेल्या धंद्यांत. कॉलेजने सगळ्यांना एका दिवसात अकाउंट काढायला लावून प्लेसमेंटच्या फाइलला जोडायचं, हे तर निव्वळ कागदी काम आहे. त्यापेक्षा एका तासात प्रत्येकाकडून आपल्या कामाच्या चार खऱ्या ओळी लिहून घ्या.

आणि आता ज्येष्ठांकडे येते, कारण पोरांना शिकवून अर्धंच काम होतं. विचारणारा तयार झाला आणि उत्तर देणारा नसला तर काय उपयोग? बडोद्याच्या मराठी समाजात रिफायनरीतून, जीएसएफसीतून, वीज बोर्डातून, बँकांतून, युनिव्हर्सिटीतून रिटायर झालेल्या माणसांकडे जे ज्ञान आणि ज्या ओळखी आहेत त्या पेन्शनच्या पासबुकाबरोबर कपाटात पडून आहेत. तुम्हाला वाटतं की आता आमच्या शब्दाला कोण किंमत देतं, आमचे साहेब गेले. पण तुमच्याकडे शब्द टाका असं कोणी म्हणतच नाहीये. प्लांटच्या शटडाऊनमध्ये काय आधी उघडतात नि काय शेवटी, बँकेत कर्जाची फाइल कुठे अडते, इंटरव्ह्यूत कुठल्या उत्तराने तुम्ही माणूस ओळखायचात, हे पंधरा मिनिटं फोनवर सांगायला साहेब लागत नाही. आणि तुम्ही ज्यांना शिकवलंत, ज्यांना हाताखाली वाढवलंत ते आज कुठे मॅनेजर असतील, त्यांची ओळख करून देणं म्हणजे वशिला लावणं नव्हे. वशिल्यात माणूस आधी ठरतो आणि काम नंतर बघतात, इथे तुम्ही फक्त भेट घालून देताय, पुढचं तो मुलगा आणि त्याचं काम. फरक राखायचा असेल तर तो तुमच्याच हातात आहे, ज्याला ओळख करून द्याल तो आपल्याच आळीतला, आपल्याच जातीतला असेल तर एकदा थांबून स्वतःला विचारा की दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर दिली असती का.

मंडळांनी यात पडावं अशी माझी उघड मागणी आहे. गणपतीच्या दहा दिवसांत एक संध्याकाळ यासाठी द्या, ऑर्केस्ट्रा एक दिवस कमी झाला तरी चालेल. रिटायर आणि नोकरीतल्या सभासदांची एक यादी करा, नाव, क्षेत्र, आणि कुठल्या वेळी बोलायला तयार आहेत, प्रत्येकाची परवानगी घेऊन. ती यादी सभासदांच्या पोरांपुरती ठेवू नका, जे वर्गणी देत नाहीत, जे कधी मंडळात पाऊल टाकत नाहीत, मांडवामागे भांडी घासायला येणाऱ्या बाईची जी मुलगी आयटीआयला आहे, तिलाही ती मिळाली पाहिजे. यादी सांभाळायला, दर सहा महिन्यांनी नंबर तपासायला एक माणूस लागेल, आणि ते काम दुसऱ्याने करावं असं म्हणण्यापेक्षा पहिलं वर्ष मी करायला तयार आहे.